रानवाटेवरची गाठ आणि अंतराचे गणित

रानात पायी हिंडण्याची हौस महाराष्ट्राच्या शहरांतही आता चांगलीच रुजली आहे; मात्र रानात कसे वागावे याचे जे शिक्षण पूर्वी शिकारीच्या निमित्ताने एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात असे, त्याची जागा अजून कशानेच भरून काढलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीला बंदी केली आणि त्या बंदीबद्दल खंत वाटावी असे काही नाही. परंतु माग काढणे, वारा ओळखणे, वानरांच्या आणि हरणांच्या ओरडण्याचा अर्थ लावणे, तासन्‌तास न हलता बसणे ही सारी विद्याही बंदुकीबरोबरच अडगळीत गेली. जिप्सीतून ताडोबा पाहणाऱ्याला तिची उणीव भासत नाही, कारण रान वाचण्याचे काम त्याच्या वतीने मार्गदर्शक करतो. दाजीपूरच्या सड्यावर, कोयनेच्या खोऱ्यात, भीमाशंकरच्या घाटवाटांवर किंवा मेळघाटातील एखाद्या पायवाटेवर जो स्वतःच्या पायांनी चालतो, त्याला मात्र ते स्वतःच वाचावे लागते. अशा पायी हिंडणाऱ्याने शिकाऱ्याची विद्या जशीच्या तशी उचलावी, फक्त तिचा हेतू उलटा करावा, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. शिकाऱ्याला जनावराच्या नकळत त्याच्याजवळ पोचायचे असे. पायी हिंडणाऱ्याने जनावराला आपली चाहूल वेळेवर लागेल आणि त्याला निघून जायला वाट राहील, अशा बेताने चालायचे असते. पुढे आयुष्यभर आठवणीत राहणारी गाठभेट बहुधा अशी असते की जिच्यात जनावराने माणसाला पाहिलेले असते आणि तरीही आपले चरणे, पाणी पिणे किंवा नुसते बसून राहणे थांबवलेले नसते.

रानात शिरण्यापूर्वी ते रान कायद्याच्या दृष्टीने कोणत्या प्रकारात मोडते, हे पाहून घ्यावे लागते. अभयारण्यात परवान्यावाचून कोणी जावे आणि कोणी जाऊ नये यासंबंधीचे निर्बंध उपरोक्त अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहेत. वन्यप्राण्याला डिवचणे किंवा त्रास देणे यालाही त्याच कलमाने मनाई केली आहे, आणि अशा क्षेत्रात शस्त्र घेऊन जाण्यास लेखी परवानगी लागते, असे कलम ३१ सांगते. हे बहुतेकांना ऐकून तरी ठाऊक असते. फारसे ठाऊक नसते ते कलम ११. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने वन्यप्राण्याला मारणे किंवा जखमी करणे हा गुन्हा नव्हे, असे हे कलम म्हणते. मात्र तो प्रसंग ओढवला त्या वेळी संबंधित व्यक्ती याच अधिनियमाचा भंग करीत असेल, म्हणजे उदाहरणार्थ परवान्यावाचून अभयारण्यात घुसलेली असेल, तर तिला या तरतुदीचा आधार मिळत नाही. आडवाटेने, पहारा चुकवून गड गाठण्यात ज्यांना मर्दुमकी वाटते, त्यांनी हे लक्षात घेतलेले बरे. सांबराचे गळून पडलेले शिंग आठवण म्हणून पिशवीत घालणे हाही गुन्हाच ठरतो.

शिकाऱ्याच्या विद्येतील पहिला धडा वाऱ्याचा. जुने शिकारी कापडाच्या पुरचुंडीत चाळलेली राख बाळगीत आणि ती हलकेच झटकून वारा कोणीकडे वाहतो ते पाहत, कारण बहुतेक सस्तन प्राण्यांचे नाक त्यांच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. डोंगराळ मुलुखात या वाऱ्याला एक दैनिक लय असते. रात्री आणि पहाटे उतारावरची हवा थंड व जड होऊन खोऱ्याकडे घसरते, तर ऊन चढल्यावर तापलेली हवा उताराच्या अंगाने वर सरकते. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा जोरात असला म्हणजे ही लय मोडते, पण हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात ती सहज जाणवते. शिकारी सकाळी खालून आणि दुपारी वरून जनावराकडे सरकत असे, तो यामुळेच. पायी हिंडणाऱ्याने यातून नेमका उलटा बोध घ्यायचा. सह्याद्रीतील बहुतेक चढाया पहाटे, ऊन होण्याआधी सुरू होतात, म्हणजे चालणाऱ्याच्या तोंडावर वारा येत असतो आणि वरच्या जनावराला त्याचा वास मुळीच लागत नाही. त्यातून वाट ओढ्याच्या नळीतून, अर्थात दोन सोंडांमधल्या अरुंद घळीतून जात असेल तर पाण्याच्या आवाजात पावलेही ऐकू जात नाहीत. वळणापलीकडे जनावर अचानक समोर येण्याचा संभव सर्वांत जास्त असतो तो अशा जागी. तेथे कुजबुजत, चवड्यांवर चालणे शहाणपणाचे नव्हे. नेहमीच्या आवाजात बोलत, काठी दगडावर आपटत, वळणाआधी क्षणभर थांबून पुढे व्हावे. याचा अर्थ ध्वनिक्षेपकावर गाणी लावून जावे असा नाही, कारण त्या गोंगाटात जनावराचा इशारा चालणाऱ्याच्याच कानावर पडत नाही.

दुसरा धडा मागाचा. माग म्हणजे जनावर गेल्याची जमिनीवर उरलेली कोणतीही खूण: पायाचा ठसा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, उकरलेली माती, दबलेले गवत. मार्जारकुळातील प्राणी, म्हणजे वाघ आणि बिबट्या, चालताना नखे आत ओढून घेतात, त्यामुळे त्यांच्या ठशात नखांच्या खुणा दिसत नाहीत. कुत्रा, कोल्हा, लांडगा व तरस यांच्या ठशात त्या दिसतात. बिबट्याचा ठसा साधारणपणे ७ ते ९ सेंटिमीटर रुंद असतो, तर प्रौढ वाघाचा १२ सेंटिमीटरच्या पुढे जातो. एके काळी वाघांची संख्याही ठशांवरून ठरवीत, परंतु राजस्थानातील सरिस्का येथील वाघ नाहीसे झाल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यानंतर ही पद्धत मागे पडली आणि आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांवर आधारलेली गणना देशभर रूढ झाली. चालणाऱ्याला ठशाच्या आकाराइतकेच त्याचे वय समजणे महत्त्वाचे असते. धुळीच्या वाटेवरील ठशात दव टपकल्याचे बारीक खळगे असतील, तर जनावर पहाटेपूर्वी गेले. दवाने घट्ट झालेली धूळ फोडून ठसा उमटला असेल आणि त्याच्या कडा अजून ढासळल्या नसतील, तर ते सूर्योदयानंतर गेले. ठशाच्या आतून मुंग्यांची किंवा किड्यांची रेघ ओलांडून गेली असेल, तर बराच वेळ लोटला. शिकारी ताज्या मागावरून पुढे जाई. पायी हिंडणाऱ्याने ताजा माग पाहावा, त्याचे माप घ्यावे आणि शक्य असेल तर दुसरी वाट धरावी. एक खूण मात्र अशी आहे की जिच्यापाशी थांबूनही चालत नाही: झुडपाआड ओढत नेल्याचा माग, कुजका वास, झाडावर कावळ्यांची गर्दी. जवळपास वाघाने किंवा बिबट्याने मारलेले जनावर पडलेले असते आणि त्याचा धनीही दूर नसतो. आल्या वाटेने परत फिरणे एवढेच तेथे करायचे असते.

रानातील इशाऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, परंतु सगळे इशारे सारख्या मोलाचे नसतात. चितळ थोड्या कारणानेही ओरडते. झाडाच्या शेंड्यावरचे वानर खोकल्यासारखा खरखरीत आवाज काढू लागले, तर ते कोणत्या दिशेला पाहत आहे ते बघावे. एकापेक्षा अधिक वानरे एकाच जागेकडे टक लावून ओरडत असतील, तर तेथे शिकारी प्राणी असण्याची शक्यता बरीच असते. सांबर सहसा उगाच ओरडत नाही, म्हणून त्याचा घंटेसारखा ठणठणीत आवाज सर्वांत भरवशाचा समजतात. सह्याद्रीच्या दाट रानात हे काम भेकर करते. कुत्र्याच्या भुंकण्याशी मिळतेजुळते त्याचे ओरडणे कधी कधी बराच वेळ चालू राहते, आणि ते बिबट्याला पाहून जितके होते तितकेच माणसाला पाहूनही होते, हे विसरू नये.

यानंतरचा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग अंतराचा. हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्यास दोन संकल्पना मांडल्या. माणूस ज्या अंतरावर येताच जनावर पळू लागते ते पलायन-अंतर. आणि पळायला वाट नसताना ज्या अंतरावर ते उलटून चाल करते ते निकराचे अंतर. ही अंतरे ठरावीक नसतात. जातीप्रमाणे, ऋतूप्रमाणे, पिल्ले सोबत आहेत की नाहीत यावर, इतकेच नव्हे तर त्या भागात माणसाची किती सवय झाली आहे यावरही ती बदलतात. वर्दळीच्या रस्त्याकडेला शांतपणे चरणारा कळप दोन किलोमीटर आतल्या रानात माणसाची सावली पाहून उधळतो. म्हणून पुस्तकी मीटर पाठ करण्यापेक्षा जनावराच्या वागण्याकडे पाहावे. ते चरायचे थांबले, मान वर झाली, कान पुढे वळले, म्हणजे आपण त्याच्या हद्दीत शिरलो. आणखी एक पाऊल पुढे टाकून पाहण्याचा मोह याच क्षणी होतो आणि तो याच क्षणी आवरायचा असतो. अंदाजासाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. हात समोर ताठ धरून, एक डोळा मिटून, उभ्या अंगठ्याने जनावर झाकून पाहावे. अंगठ्याची रुंदी सुमारे दोन सेंटिमीटर आणि डोळ्यापासूनचे अंतर सुमारे साठ सेंटिमीटर धरले, तर अंगठ्याआड पुरते झाकले जाणारे जनावर आपल्या लांबीच्या तीसपट दूर असते. आडव्या उभ्या असलेल्या पावणेतीन मीटर लांबीच्या गव्यासाठी हे अंतर ऐंशी मीटरच्या वर भरते, आणि तेवढे पुरेसे आहे. बिबट्याच्या बाबतीत मात्र हाच हिशेब चाळीस मीटरच्या आतबाहेर येतो, म्हणून तेथे या युक्तीवर विसंबू नये.

महाराष्ट्रात पायी हिंडणाऱ्याची ज्याच्याशी गाठ पडण्याचा संभव मोठा आणि ज्याच्याविषयी गैरसमजही मोठे, असा प्राणी म्हणजे गवा. कोल्हापूर संस्थानाच्या काळी शिकारीसाठी राखलेल्या दाजीपूरच्या रानाला १९५८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, तो मुख्यतः गव्यांसाठी. पुढे त्याचाच विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य झाले. प्रौढ नर काळाभोर, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा असलेला आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा दिसतो. त्याचे वजन ७०० ते १००० किलोपर्यंत भरते. माद्या आणि वासरे तपकिरी असतात. सकाळी आणि तिन्हीसांजेला कळप सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माथ्यावर, गवत खायला निघतो आणि ऊन चढले की राईत शिरतो. कळप दिसला तर वासरे कोणत्या बाजूला आहेत ते आधी शोधावे आणि कळप व राई यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये, कारण घाबरलेला कळप राईकडेच धावतो आणि मध्ये आलेल्या माणसाला चुकवण्याइतकी त्याला उसंत नसते. गव्याला संशय आला म्हणजे तो मान उंचावून नाकपुड्यांतून शिट्टीवजा फूत्कार सोडतो. त्यानंतर कळप बहुधा निघून जातो. एकांडा नर मात्र काही वेळा जात नाही. तो पाठीची कमान करून अंगाने आडवा वळतो आणि तसाच उभा राहतो, आणि छायाचित्र काढणाऱ्याला वाटते की जनावर ऐटीत उभे राहिले आहे. वास्तविक हा त्याचा इशारा असतो. आपले आकारमान समोरच्याला पुरते दिसावे म्हणून तो आडवा होतो. यानंतर त्याने तोंड फिरवून मान खाली घातली, तर चाल होण्यास फारसा वेळ लागत नाही. अशा वेळी पाठ न दाखवता तिरक्या दिशेने मागे सरावे आणि जाड बुंध्याचे झाड किंवा मोठी शिळा मध्ये येईल असे पाहावे. सड्यावर आडोसा नसतो, म्हणून सड्यावर पाऊल टाकण्याआधीच राईच्या कडेने तो पूर्ण न्याहाळण्याची सवय असावी.

गवा मुळात भित्रा आहे आणि माणसांच्या गर्दीचा त्याला किती ताण होतो, याचे उदाहरण डिसेंबर २०२० मध्ये पुण्यातच घडले. कोथरूडच्या वस्तीत भरकटलेल्या गव्यामागे मोठा जमाव धावत राहिला, अखेर त्याला पकडण्यात आले आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो मेला. दीर्घ पाठलागाने आणि भीतीने स्नायू व हृदय निकामी होऊन पकडलेला प्राणी दगावतो, ही गोष्ट पशुवैद्यकांना चांगली परिचित आहे. रानातही हेच लहान प्रमाणात घडत असते. छायाचित्रासाठी दोनदा उठवलेला कळप दिवसभराचे चरणे गमावतो, हे मात्र छायाचित्रात दिसत नाही.

विदर्भात याच तोलाचा प्राणी अस्वल. वनाधिकारी, वनरक्षक आणि गावकरी यांच्याशी बोलले तर रानात वाघापेक्षा अस्वलाला अधिक भिणारी माणसे भेटतात, आणि ती भीती अनाठायी नाही. मेळघाटात आणि बुलढाण्याजवळील ज्ञानगंगा अभयारण्यात अस्वले चांगली आहेत. अस्वलाची नजर अधू, नाक तीव्र आणि खाण्यात मग्न झाले म्हणजे भान हरपण्याची खोड मोठी. वारुळ फोडून त्यात तोंड खुपसून ते वाळवी ओढून घेते तेव्हा होणारा फुरफुराट शांत रानात शंभर मीटरवरूनही ऐकू येतो. तो ओळखता येणे हे संकट टाळण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि ती वेचायला माणूस व अस्वल दोघेही पहाटेच त्याच झाडाखाली येतात. पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. अस्वलाचे पुष्कळसे हल्ले अचानक समोरासमोर आल्यामुळे, म्हणजे बचावाच्या भावनेतून होतात, आणि पिल्ले पाठीवर घेतलेली मादी तर मुळीच माघार घेत नाही. बिया भरलेली ताजी विष्ठा, नुकतेच फोडलेले वारुळ, खडकांच्या कपारी आणि घाणेरीची दाट जाळी यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर तेथून वळसा घालून जावे. अस्वलाने पाहिलेले नसेल तर आवाज न करता मागे फिरावे. पाहिले असेल तर हळू आवाजात बोलत, न धावता मागे सरावे. धावण्याचा उपयोग नसतो, कारण ते माणसापेक्षा वेगाने धावते आणि झाडावरही चढते. अंगावरच आले आणि सुटका नाही असे झाले, तर पालथे पडून, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफून, कोपरे अंगाशी घट्ट धरून चेहरा जमिनीत लपवावा. पाठीवरची पिशवी काढू नये. अस्वलाचे पंजे आणि दात बहुधा चेहऱ्यावर व डोक्यावर पडतात, आणि जन्मभर राहणाऱ्या जखमा तेथल्याच असतात. ते निघून गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नये.

बिबट्याच्या बाबतीत याच्या उलट वागावे लागते. तो बहुधा दिसण्याआधीच निघून जातो, आणि माणसाच्या वस्तीलगत राहूनही तो किती नकळत वावरतो हे जुन्नरच्या उसात आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला दिसून येते. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातील ‘आजोबा’ या नावाने ओळखला गेलेला नर २००९ मध्ये माळशेज घाटात सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर अंतर कापून मुंबईच्या दिशेने आला आणि वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. बिबट्या समोर आलाच तर उभे राहावे, अंग मोठे दिसेल असे हात वर करावेत, लहान मुलांना उचलून घ्यावे, त्याच्याकडे तोंड ठेवून मागे सरावे. वाकू नये, बसू नये, पळू नये. अंधारात उसाच्या कडेला उकिडवे बसलेले माणूस त्याला भक्ष्याच्या आकाराचे दिसते. हल्ला झालाच तर निपचित न पडता काठी, दगड, जे हाताशी असेल त्याने प्रतिकार करावा. वाघालाही पाठ दाखवायची नसते. गुरगुर, सपाट झालेले कान आणि फटकारणारी शेपटी ही मागे सरण्याची सूचना असते आणि ती ऐकली तर बहुतेक प्रसंग तेथेच संपतात. हत्ती महाराष्ट्रात सिंधुदुर्गात कर्नाटकातून आणि २०२१ मध्ये गडचिरोलीत छत्तीसगडमार्गे आले. त्यांच्या बाबतीत पायी निरीक्षणाचा विचारच करू नये. कळप ज्या भागात असल्याचे वन विभाग सांगतो, तो भाग त्या दिवसापुरता सोडून द्यावा.

वाघ-बिबट्यांची चर्चा होत असताना सह्याद्रीत हिंडणाऱ्याला खरा उपद्रव होतो तो आग्या मोहोळाचा. कड्याच्या कपारीत किंवा उंच झाडावर लोंबणारी ही पोळी उघडी असतात आणि धूर, तीव्र अत्तर, आरडाओरड, भिरकावलेला दगड यांनी माश्या उठतात. गडावर चूल पेटवण्याआधी वरच्या कड्याकडे एकदा पाहावे, ही साधी गोष्ट पाळली तर पुष्कळ अनर्थ टळतात. माश्या उठल्याच तर हात झाडत उभे राहू नये. नाक-तोंड कापडाने झाकून, पायांखालची वाट पाहत लांब जावे आणि बंद जागा मिळेल तर तीत शिरावे. कड्याच्या काठावर आंधळेपणाने धावल्याने जीव जातो, दंशांनी नव्हे, असेही प्रसंग घडतात. अंगातले काटे ताबडतोब खरवडून काढावेत आणि दंश बरेच असतील तर लगेच रुग्णालय गाठावे. सापांविषयी इतकेच सांगणे पुरे की नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषावर भारतात मिळणारे प्रतिविष चालते, सह्याद्रीतील हिरव्या चापड्यावर ते चालत नाही, आणि कोणत्याही दंशात चिरा देणे, रक्त चोखणे किंवा आवळपट्टी बांधणे अपायकारक असते. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला उचलून नेणे हाच प्रथमोपचार. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

ज्याला जनावर जवळून आणि निवांत पाहायचे आहे, त्याने चालणे सोडून बसणे पत्करावे. दरवर्षी वैशाखी पौर्णिमेला, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री, महाराष्ट्राचा वन विभाग अनेक अभयारण्यांत पाणवठ्याजवळच्या मचाणांवर हौशी निरीक्षकांना बसू देतो. मचाण म्हणजे झाडावर किंवा खांबांवर बांधलेले उंच बसण्याचे ठिकाण. उन्हाळ्यामुळे पाणी थोड्याच जागी उरलेले असते आणि चांदणे लख्ख असते, म्हणून ही रात्र निवडतात. पूर्वी यातून प्राण्यांच्या संख्येचा अंदाज बांधीत. आता गणनेसाठी कॅमेरे आहेत, त्यामुळे या रात्रीचे मोल आकड्यांत नसून अनुभवात आहे, आणि ते तसे मानणेच बरे. येथे मात्र शिकाऱ्याची विद्या उलटी करायची नसते. सूर्यास्तापूर्वी वर चढावे, उजाडेपर्यंत उतरू नये, कुरकुरीत वेष्टनातले खाद्य, डासांचे वासट मलम आणि विजेरी बाजूला ठेवावी. वास वर राहतो, म्हणून मचाणावरच्या माणसाला जनावर बराच वेळ सहन करते. खोकला मात्र पाणवठा रिकामा करतो.

पाहिलेल्याचे टिपण हा या विद्येचा उरलेला भाग. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात शिकारी, मळेवाले आणि अधिकारी यांनी पाठवलेली छोटी क्षेत्रटिपणे छापली जात, आणि त्यांतील पुष्कळ आजही उपयोगी आहेत, कारण त्यांत तारीख, ठिकाण, वेळ आणि जनावर नेमके काय करीत होते एवढेच नोंदलेले असते. शिकारकथांचा दोष मात्र टाळावा. जुन्या काळी मारलेल्या वाघाची लांबी दोन प्रकारे मोजीत: नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ रेषेत, किंवा पाठीच्या वळणांवरून फीत लावून. दुसऱ्या पद्धतीत आकडा काही इंचांनी वाढे आणि मोठेपणाची हौस असलेल्यांना तीच आवडे. आजचा निरीक्षक वाघ मोजत नाही, पण अंतर कमी आणि जनावर मोठे सांगण्याची खोड गेलेली नाही. म्हणून अंतर पावलांनी मोजता येईल अशा दोन झाडांच्या आधाराने, जनावर निघून गेल्यावर, तपासून लिहावे. छायाचित्र एकदोन काढून कॅमेरा खाली ठेवावा, कारण डोळा भिंगाला लावला म्हणजे जनावराच्या कानांची हालचाल आणि शेजारच्या झाडावरचे वानर दोन्ही निसटतात. रानाबद्दल विपुल लिहिणारे मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील नोकरीच्या काळात दैनंदिन्या लिहिल्या आणि आदिवासी जाणकारांकडून पशुपक्ष्यांची स्थानिक नावे व सवयी टिपून घेतल्या. वाटाड्याने सांगितलेले त्याच्याच शब्दांत, त्याच दिवशी लिहून ठेवण्याची ही सवय अनुकरणीय आहे.

नोंद कोणाला सांगायची हेही ठरवावे लागते. पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या नोंदी घेणाऱ्या संकेतस्थळांवर दुर्मिळ जातींचे नेमके ठिकाण झाकण्याची सोय असते. घुबडाचे घरटे, तरसाची गुहा, बिबट्याची पिल्ले यांच्या बाबतीत ती अवश्य वापरावी आणि समाजमाध्यमांवर ठिकाण टाकूच नये, कारण दुसऱ्या दिवशी तेथे गर्दी आणि तिसऱ्या दिवशी शिकारी पोचू शकतो. जखमी प्राणी, तारेचा फास किंवा वस्तीजवळ फिरणारा गवा दिसला तर मात्र ठिकाण लपवण्याचा प्रश्न येत नाही. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे, जवळच्या खुणेचा गड, ओढा किंवा मंदिर सांगावे आणि फास स्वतः सोडवू नये, कारण त्यात अडकलेले जनावर जिवंत असेल तर निकराच्या अंतराचा नियम तेथे दुप्पट कडक लागू होतो, आणि रिकामा असेल तर तो गुन्ह्याचा पुरावा असतो.